तिकीट क्रमांक 373 आणि आमच्या वजनपावत्या

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दर गळीत हंगामात पावती क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. 1875 नंबरची पावती गेल्या हंगामातही असते आणि त्याच्या आदल्या हंगामातही. नेमकी पावती सांगायची तर हंगाम आणि क्रमांक दोन्ही सांगावे लागतात. गावाचं नाव घेतल्याशिवाय नुसत्या गट नंबरावरून जमीन सापडत नाही, तसंच हे. अशा जोडओळखीला डेटाबेसमध्ये कंपोझिट प्रायमरी की म्हणतात. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, वर्षानुवर्षं वेब ॲप्लिकेशनं बांधत आलो, त्या पायथन भाषेतल्या जँगोमध्ये तिला एप्रिल 2025 पर्यंत जागा नव्हती. तशी जागा हवी ही मागणी मात्र 2005 मध्येच नोंदवलेली होती, 373 क्रमांकाच्या तिकिटात (तिकीट म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवलेली एक तक्रार किंवा मागणी). जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं तेही त्याच वर्षी.

या मागणीच्या शेवटच्या टप्प्यात मी वापरकर्ती म्हणून गुंतले होते. फ्रेमवर्कमध्ये एखादी सोय नाही म्हणून वैताग येणं आणि ती सोय प्रत्यक्ष हाती येणं, या दोहोंच्या मध्ये काय काय घडतं ते मला या कामात जवळून दिसलं.

काम होतं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं. काट्यावर जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. आम्हाला त्याच डेटाबेसवर वेबचा भाग उभा करायचा होता. शेतकऱ्याला मोबाइलवर आपल्या पावत्या दिसाव्यात आणि शेतकी विभागाला चुकलेल्या नोंदी दुरुस्त करता याव्यात, एवढीच मागणी. अट एकच, पण कडक: काट्याच्या टेबलांना हात लावायचा नाही. हंगाम चालू असताना काटा तासभर बंद पडला तर गेटबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते, त्यामुळे ही अट मला पूर्ण पटलेली होती.

शेतकी अधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत मुद्दा स्पष्ट केला. "मॅडम, चिठ्ठी लिहिणाऱ्या चिटबॉयनं गाडी नंबरातला एक आकडा चुकवला की वाहतूकदाराचं बिल अडकतं. शेतकऱ्याचं नाव चुकलं तर पेमेंटच दुसऱ्याच्या खात्यावर जातं. ते आम्हाला इथंच बदलता आलं पाहिजे." ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात. म्हणजे दुरुस्तीसाठी हातात वेळ थोडाच.

आधीपासून असलेल्या डेटाबेसवरून मॉडेल, म्हणजे टेबलाचं पायथनमधलं वर्णन, तयार करून देणारी इन्स्पेक्टडीबी नावाची आज्ञा जँगोमध्ये आहे. ती चालवली. वजनपावतीचं मॉडेल तयार झालं आणि त्यात पहिल्या कॉलमशेजारी एक टीप आली: कंपोझिट की सापडली आहे, तिची सोय नाही, पहिला कॉलम निवडला आहे. आमच्या टेबलात पहिला कॉलम होता हंगाम. म्हणजे जँगोच्या लेखी 202324 ही एका पावतीची ओळख झाली होती, आणि त्या हंगामातल्या झाडून सगळ्या पावत्यांची ओळख तीच.

याचा परिणाम काय होतो ते आम्ही डेटाबेसच्या चाचणी प्रतीवर मुद्दाम पाहिलं, कारण कारखान्याला नुसतं "हे धोक्याचं आहे" म्हणून चाललं नसतं. एक पावती घेतली, गाडी नंबर बदलला आणि फक्त तेवढाच कॉलम साठवायला सांगितला. जँगो अपडेट करताना प्रायमरी कीवर अट लावतं. अट लागली हंगामावर, आणि त्या हंगामातल्या प्रत्येक पावतीवर तोच गाडी नंबर आला. एरर नाही, इशारा नाही. मग पूर्ण नोंद साठवून पाहिली. तेव्हा मात्र डेटाबेसनेच अडवलं, कारण सगळ्या पावत्यांना एकच क्रमांक द्यायचा प्रयत्न झाला आणि खरी प्रायमरी की आडवी आली. शेवटी एक पावती पुसायला सांगितली. अख्खा हंगाम पुसला गेला. माझ्या सहकाऱ्याने तो लॉग छापून बैठकीत ठेवला, आणि त्या दिवसापासून या विषयाचं गांभीर्य कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

अशा वेळी मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे टेबलात आपोआप वाढणारा एक आयडी कॉलम घाला आणि जुन्या जोडीवर युनिक बंधन ठेवा. नवं टेबल असतं तर मीही हाच सल्ला दिला असता. इथे टेबल आमचं नव्हतं. मायएसक्यूएलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये अदृश्य कॉलमची सोय आहे, जुन्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. तोही पर्याय मांडून पाहिला. काट्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी हंगामात नको म्हटलं आणि विषय तिथेच थांबला.

मग आम्ही डेटाबेसमध्ये एक व्ह्यू, म्हणजे मूळ टेबलावरून दिसणारं आभासी टेबल, केला. हंगाम आणि पावती क्रमांक जोडून "202324-001875" असा एक मजकूर तयार करायचा आणि जँगोला तीच प्रायमरी की म्हणून दाखवायची. वाचन व्ह्यूमधून, लिहिणं मात्र हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधून, म्हणजे थेट डेटाबेसच्या भाषेतून. चाललं, पण त्याची किंमत होती. कुणी या जोडमजकुरावर शोध घेतला की इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) कामाला येत नाही, मायएसक्यूएल प्रत्येक ओळीसाठी तो मजकूर जोडून पाहतं आणि पान उघडायला उशीर होतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आठवणीने दोन वेगवेगळ्या कॉलमांवर अट लावावी लागे. टीममध्ये नवीन मुलगा आला की त्याला पहिला पाठ हाच. ज्या फ्रेमवर्कची अर्धी पुण्याई त्याच्या ओआरएममध्ये, म्हणजे एसक्यूएल न लिहिता डेटाबेस वापरू देणाऱ्या भागात, आहे, ते वापरून हाताने अपडेटच्या क्वेऱ्या लिहायच्या, याचा मला मनापासून राग येत होता.

त्या रागाच्या भरात सहकाऱ्याने फ्रेमवर्कच बदलू असं सुचवलं, आणि त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पायथनमध्येच एसक्यूएलअल्केमीला कंपोझिट की पूर्वीपासून येते. जावावाल्यांना जेपीएमध्ये ती कित्येक वर्षं मिळते आहे. रुबी ऑन रेल्सने 7.1 या आवृत्तीत, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, ती फ्रेमवर्कमध्ये घेतली. लॅराव्हेलच्या एलोक्वेंटमध्ये ती नाही, हाच काय तो दिलासा. पण आमचं लॉगिन, परवानग्या, फॉर्म, अ‍ॅडमिन (नोंदी बघायची-बदलायची जँगोची तयार पानं), मराठी भाषांतराच्या फाइली, सगळं जँगोवर उभं होतं. एका टेबलाच्या कीसाठी ते मोडणं परवडणारं नव्हतं.

म्हणून तिकीट क्रमांक 373 मुळापासून वाचायला घेतलं. असं जुनं तिकीट वाचणं हे शिक्षणच असतं. मागणी "स्वीकारलेली" आहे असा शिक्का त्यावर होता. जँगोमध्ये याचा अर्थ एवढाच की मागणी रास्त आहे आणि कुणी चांगलं काम करून आणलं तर ते घेतलं जाईल. कुणी ते करतंय असा त्याचा अर्थ नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि बऱ्याच वैतागाचं मूळ तिथेच आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. जँगोच्या पाठीशी कुठली कंपनी नाही. एक ना-नफा संस्था आहे, तिने पगारावर ठेवलेले अगदी मोजके फेलो आहेत, आणि बाकी सगळं स्वयंसेवक करतात. फेलोंचं मुख्य काम तिकिटं तपासणं, पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) पाहणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि रिलीज काढणं. मोठी नवी सोय बांधायला सहसा कुणीतरी बाहेरूनच यावं लागतं.

मधल्या वर्षांत माणसं आलीही होती. खुल्या सॉफ्टवेअरवर नवख्यांना काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या कार्यक्रमात यावर प्रयत्न झाले, वेगवेगळे आराखडे मांडले गेले, बाहेरची पॅकेजेस निघाली. काम का अडकत होतं हे वाचता वाचता उलगडत गेलं. "प्रायमरी की म्हणजे एक कॉलम" हे गृहीतक जँगोच्या एका फाइलीत नव्हतं, ते सगळीकडे मुरलेलं होतं. फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे नेणारा दुवा, समोरच्या टेबलाचा एकच कॉलम धरून ठेवते. कुठल्याही मॉडेलशी नातं जोडणारी जी जेनेरिक सोय आहे, तीत समोरच्या नोंदीची ओळख एकाच रकान्यात लिहिली जाते. अ‍ॅडमिनच्या पत्त्यात एकच की येते. मोजणी, क्रम, "यापैकी कुठलाही" अशी अट, पुसताना गोळा केल्या जाणाऱ्या नोंदी, प्रत्येक जागी एक मूल्य अपेक्षित. त्यात डेटाबेसेसची तऱ्हा वेगवेगळी. दोन मूल्यांच्या जोडीची तुलना एका क्वेरीत करण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नाही, त्यामुळे काही ठिकाणी तीच अट "आणि", "किंवा" लावून उलगडून लिहावी लागते. हे समजल्यावर माझा राग गेला नाही, पण तो कुणा माणसावर राहिला नाही.

तिकिटाखाली "आम्हालाही हवं आहे" अशा अर्थाच्या नोंदी भरपूर होत्या. जँगोच्या मार्गदर्शनात अशा नोंदी करू नका असं सांगितलेलं असतं, आणि का ते आता मला पटतं. काम करणाऱ्याला त्यातून हाताला काहीच लागत नाही. आम्ही ठरवलं की लिहायचं तर आपलं टेबल लिहायचं: कॉलम कोणते, जोडी कशी, कोणत्या क्रिया लागतात, त्यातल्या रोजच्या कोणत्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या कोणत्या. ही यादी करताना एक उपयोगी गोष्ट कळली. आम्हाला खरी गरज होती चार गोष्टींची: एक नोंद मिळवणं, साठवणं, पुसणं आणि नोंदींचा गठ्ठा एकदम मागवणं. अ‍ॅडमिन मिळालं तर उत्तम, पण त्यावाचून अडणार नव्हतं.

2024 मध्ये यावरचं नवं काम गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड्यावर आलेलं होतं, आणि त्याची वाटणी मला फार आवडली. आधी जोडमूल्यांची तुलना करणाऱ्या अटी, स्वतंत्र आणि छोट्या. त्या पक्क्या झाल्यावर त्यांच्यावर उभी राहणारी नवी की. फॉरेन की आणि अ‍ॅडमिन जाणूनबुजून बाहेर ठेवलेले. पूर्वीच्या प्रयत्नांत बरंच काही एकदम करायची धडपड दिसत होती. इथे "हे एवढंच, पण नीट" असा बाणा होता. रिव्ह्यू करणारे प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारत होते. कीमधलं एखादं मूल्य रिकामं असलं तर काय, अर्धी की भरलेली असली तर नोंद नवी धरायची की जुनी, दोन टेबलं जोडून मोजणी केली तर आकडा बरोबर येतो का.

आम्ही ती शाखा, म्हणजे त्या नव्या कामाची कोडप्रत, उतरवून घेतली आणि आमच्या प्रतीवर चालवली. त्याआधी जँगोच्या स्वतःच्या चाचण्या मायएसक्यूएलवर चालवायच्या होत्या. मुळात त्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतात. दुसरा डेटाबेस हवा तर आपली सेटिंग्जची फाइल लिहावी लागते, आणि तीत "डीफॉल्ट" आणि "अदर" असे दोन डेटाबेस जोडण्या द्याव्या लागतात, एकाने भागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचा वेळ इथे जातो. कंपोझिट कीसाठी वेगळा चाचणी संच होता, तो हिरवा आला, म्हणजे पास झाला. मग आमचं टेबल.

मॉडेलमध्ये पीके या नावाने कंपोझिट प्रायमरी की जाहीर करायची आणि तिला हंगाम व पावती क्रमांक ही दोन नावं द्यायची, बस. एक पावती मागवली. तिची पीके म्हणून दोन मूल्यांची जोडी परत आली. गाडी नंबर बदलून साठवला आणि तयार झालेली क्वेरी छापली. अटीत दोन्ही कॉलम होते. बदललेली ओळ एक. पुसून पाहिली, पुसलेली ओळ एक. क्वेरी कशी चालते ते दाखवणारी एक्स्प्लेन ही आज्ञा लावून पाहिली तर मायएसक्यूएल प्रायमरी की वापरून थेट त्या ओळीवर जात होतं, व्ह्यूसारखं सगळं टेबल चाळत नव्हतं. पूर्वी सगळा हंगाम पुसणारी तीच चाचणी सहकाऱ्याने पुन्हा चालवली आणि नुसताच माझ्याकडे बघून हसला.

वापरकर्त्याचा अनुभव म्हणून हे सगळं आम्ही लिहून कळवलं: डेटाबेसची आवृत्ती, टेबलाची रचना, क्वेऱ्या, एक्स्प्लेनचं उत्तर. मूळ काम ज्यांनी केलं त्यांच्या कष्टापुढे हे काहीच नाही. पण ज्याच्याकडे खरं जुनं टेबल आहे अशा माणसाने ते चालवून बघणं या कामाला हवं असतं, कारण चाचण्यांमधली टेबलं स्वच्छ असतात आणि कारखान्यातली नसतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये ते काम मूळ कोडमध्ये गेलं. जानेवारी 2025 मध्ये 5.2 ची अल्फा ही चाचणी आवृत्ती आली, फेब्रुवारीत पुढची चाचणी आवृत्ती बीटा, आणि एप्रिलमध्ये पक्की आवृत्ती. ही दीर्घ पाठबळाची आवृत्ती असल्यामुळे तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. कारखान्यासारख्या ग्राहकाला दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती घ्यायला लावता येत नाही, म्हणून आमच्यासाठी हे महत्त्वाचं होतं.

आम्ही 4.2 वर होतो. तिथून थेट उडी न मारता 5.0, 5.1 असं एकेक पायरीने गेलो, प्रत्येक पायरीवर पायथनचे इशारे पूर्ण चालू ठेवून. अडलं ते अनपेक्षित जागी. 5.0 पासून लॉगआउट नुसत्या लिंकवर होत नाही, पोस्ट करणारा फॉर्म लागतो. आमच्या सगळ्या टेम्प्लेटांमध्ये लिंक होती. फाइल साठवणुकीच्या जुन्या दोन सेटिंग्ज 5.1 मध्ये गेल्या होत्या, त्या नव्या पद्धतीने लिहिल्या. कुरकुर न करता करण्याजोगी कामं होती ही, कारण प्रत्येकाचा इशारा आधीच्या आवृत्त्यांमध्ये दिलेला होता. जँगोबद्दलची माझी निष्ठा टिकून आहे ती बरीचशी याच शिस्तीमुळे.

गळीत संपल्यावर बदल लावला. हाताने लिहिलेल्या अपडेटच्या क्वेऱ्या काढून टाकल्या. व्ह्यू काही काळ फक्त जुन्या अहवालांसाठी ठेवला, मग तोही काढला. इन्स्पेक्टडीबी आता त्या टेबलावर चालवली की ती स्वतःच जोडकी लिहून देते.

उणिवा उरल्या आहेत आणि त्या बोचतात. असं मॉडेल अ‍ॅडमिनमध्ये नोंदवायला गेलं तर जँगो स्पष्ट नकार देतं. शेतकी विभागासाठी दुरुस्तीचा स्क्रीन आम्हाला स्वतंत्र बांधावा लागला. एरवी तो अ‍ॅडमिनमध्ये फुकट मिळाला असता. त्याहून जाचक म्हणजे फॉरेन की अशा मॉडेलकडे बोट दाखवू शकत नाही. आमच्याकडे दुरुस्तीची नोंदवही आहे: कुणी, केव्हा, कोणत्या पावतीत, आधी काय होतं आणि नंतर काय केलं. प्रत्येक दुरुस्ती एका पावतीशी बांधलेली असायला हवी. त्यासाठी फॉरेनऑब्जेक्ट नावाची आतली सोय वापरता येते, कागदपत्रांत ती पर्याय म्हणून सांगितलीही आहे. पण ती अंतर्गत असल्यामुळे पुढे न सांगता बदलू शकते, असंही तिथेच म्हटलं आहे. आम्ही ती वापरली, एकाच फाइलीत कोंडून ठेवली आणि तिच्यावर भरपूर चाचण्या लिहिल्या. ज्यांना आधीचं एककॉलमी टेबल जोडकीवर न्यायचं असेल, त्यांना मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलून देणारी जँगोची सोय, हीसुद्धा मदत करत नाही. आमचं टेबल आधीपासूनच तसं असल्याने ही झळ आम्हाला लागली नाही.

अपुरी सोय रिलीज करणं योग्य होतं का, यावर आमच्या ऑफिसात बराच वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, अ‍ॅडमिन आणि फॉरेन कीशिवाय ही अर्धीच सोय. मी ठामपणे उलट बाजूला आहे. सगळं एकदम हवं म्हटल्यामुळेच हे काम इतकी वर्षं रेंगाळलं, असं ते तिकीट वाचून मला वाटतं. गाभा आत गेल्यावर बाकीचे तुकडे कुणीही एकेक करून आणू शकतं. जँगोमध्ये मायग्रेशनंसुद्धा अशीच आली. आधी साउथ नावाचं बाहेरचं पॅकेज लोकांनी वर्षानुवर्षं वापरलं, ते लिहिणाऱ्या अँड्र्यू गॉडविन यांनी 2013 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे केले, आणि 2014 च्या 1.7 मध्ये ती फ्रेमवर्कचा भाग झाली.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार कायम आहे. "स्वीकारलेलं" हा शिक्का वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि त्यावर सध्या कुणी काम करतंय का, नसेल तर नेमकं कशामुळे अडलंय, हे एका नजरेत कळत नाही. 373 च्या बाबतीत ते समजायला मला सगळं तिकीट, जोडलेले जुने पॅच आणि सोडून दिलेले आराखडे चाळावे लागले. वर चार ओळींचा ताजा सारांश असता तर आमच्यासारख्या कितीतरी टीमा आधीच मदतीला आल्या असत्या. 2025 पासून नव्या सोयींच्या मागण्यांसाठी गिटहबवर वेगळी जागा केली आहे, तिथे एखाद्या मागणीला किती जणांचा पाठिंबा आहे ते दिसतं. ती दिशा मला बरोबर वाटते. पण पाठिंब्याच्या आकड्याइतकंच "कुठे अडलंय" हे दिसणं गरजेचं आहे.

फॉरेन कीचा विषय आता आम्ही हातात घेतला आहे. सहकारी दुरुस्तीच्या नोंदवहीचं टेबल, त्यावर लागणाऱ्या क्वेऱ्या आणि फॉरेनऑब्जेक्ट वापरताना आलेल्या अडचणी इंग्रजीत नीट लिहून काढतो आहे. सोबत कारखान्याचं नाव आणि शेतकऱ्यांचा डेटा काढून टाकलेली एक छोटी नमुना प्रत देणार आहोत, म्हणजे ज्याला काम करायचं त्याला आमच्याकडे काही मागावं लागणार नाही. शेतकी अधिकाऱ्यांनी त्याला होकार दिला आहे, फक्त गाडी नंबरसुद्धा बदलून द्या एवढं बजावलं.